चूक माझीच, बाई

अर्लिस पेटवेच्या गळ्यात ओळखपत्राची निळी फीत कायम लटकलेली असे. अंघोळीला तरी काढतोस का रे, असं त्याची बायको विचारायची. फितीला संस्थेचं नाव, त्याखाली त्याचा पंधरा किलोंपूर्वीचा फोटो आणि फोटोखाली छापलेलं, ‘वरिष्ठ केस मॅनेजर’. आता कनिष्ठ कुणी होतं का? नव्हतं. डेट्रॉइटच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात वरिष्ठ तोच, कॉफी करणारा तोच आणि संडास तुंबला की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत जाणाराही तोच. पण छापून आलंय म्हटल्यावर मिरवायला काय हरकत आहे?

काम असं की तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला नोकरी मिळवून द्यायची आणि मिळाली की ती टिकवून दाखवायची. मिळवण्यापेक्षा टिकवणं अवघड, असं अर्लिस येईल त्याला सांगायचा. मिळवून देण्यातही त्याने फार दिवे लावले होते अशातला भाग नाही. मात्र एक गोष्ट त्याला कुणी शिकवावी लागली नव्हती. तरुणपणी तोही सहा वर्षं आत काढून आला होता, त्यामुळे मालकासमोरच्या खुर्चीत बसल्यावर घशाला कशी कोरड पडते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या कोरड्या घशावर त्याने औषध काढलं होतं. तीन पायऱ्या. मालकाने विचारलं, बाबा रे, काय केलं होतंस? की पहिली पायरी, जे केलं ते एका वाक्यात सांगून मोकळं व्हायचं. दुसरी, ‘चूक माझीच, जबाबदारी माझी.’ मग छोटासा श्वास घ्यायचा. आणि तिसरी, आज मी कोण आहे. त्या मधल्या श्वासावर अर्लिसचा भारी जीव होता. तो श्वास जमावा म्हणून तो पोरांकडून घटकाघटका तालीम करून घ्यायचा. आणि नियम एकच, ‘पण’ म्हणायचं नाही. पण म्हटलं की मालकाला वाटतं, हा अजून भांडतोय. ज्याच्या तोंडून ‘पण’ निघेल त्याने सगळ्यांसाठी कॉफी करायची. त्या खोलीत सगळ्यात जास्त तोंड कुणाचं चालायचं ते सांगायला नको. नियम निघाल्यापासून कॉफी बहुतेक वेळा अर्लिसच करत होता.

असं सगळं मजेत चाललेलं असताना कॉर्डेल मॅबरी त्याच्याकडे आला. वय चव्वेचाळीस, त्यातली सतरा वर्षं आत गेलेली. उंच, हडकुळा, दरवाज्यातून येताना उगाचच खांदे आवळून घेणारा. तुरुंगाच्या भटारखान्यात हजार माणसांचा पाव भाजून भाजून हात तयार झालेला. सुटल्यावर त्याला सुटलेल्या कैद्यांच्या वसतिगृहात ठेवलं होतं, आठ जणांच्या खोलीत. पक्की नोकरी लागून ती वसंतापर्यंत टिकली तर त्याला आईकडे राहायला जायची परवानगी मिळणार होती. नोकरी गेली की पुन्हा रांगेच्या शेवटी. आई, ओडेसा मॅबरी, ऐंशीच्या पुढची. तिने आतल्या खोलीतलं शिवणयंत्र हलवून तिथे पलंग टाकूनही ठेवला होता. रोज फोनवर विचारायची, पलंगाला उशी एक लागेल की दोन?

अर्लिस टाय लावून, कपाळाला आठ्या घालून मालक व्हायचा. कॉर्डेलला तीन पायऱ्या एकदाच सांगून, तशा आठ्या घालून त्याने विचारलं, “हं, बोल. काय केलं होतंस?”

“मी एका माणसाला लुटलं आणि मारहाण केली. चूक माझीच, जबाबदारी माझी.” छोटासा श्वास. “आज मी सकाळी उठतो तो कामासाठी.”

अर्लिसच्या अंगावर काटा आला. एकदाही ‘पण’ नाही, कारणं नाहीत, नजर नाही चुकवली. तालीम न करता!

“अरे लेका, इतकी वर्षं होतास कुठे तू?”

“आत,” कॉर्डेल म्हणाला.

डेट्रॉइटला लागूनच असलेल्या हॅमट्रॅमिकमध्ये बर्नीबाईंची बेकरी होती. बर्नाडेट स्टॅनेक हे खरं नाव, पण अख्ख्या गावाला त्या बर्नीबाई. पोलिश बाई, सत्तरीला टेकलेल्या, दंड असे की पिठाच्या गोणीनेच घाबरावं. आजूबाजूची पोलिश दुकानं जाऊन तिथे बंगाली मिठाईवाले आणि येमेनी खाटीक आले तरी या आपल्या वडिलांच्या ओव्हनपाशी ठाण मांडून होत्या. अर्लिसची दोन माणसं त्यांनी आधी ठेवून घेतली होती. एक टोलिडोला निघून गेला, दुसरा लेव्हर्न अजून त्यांची गाडी चालवायचा. त्यामुळे अर्लिस तिथे जावयाच्या थाटात जायचा.

बर्नीबाईंनी हात एप्रनला पुसले, स्टूल ओढलं आणि कॉर्डेलला विचारलं, “काय केलं होतंस?”

कॉर्डेलने सुरुवात केली. अर्लिस कौतुकाने बघत होता, आणि बघता बघता त्याच्या लक्षात आलं की बर्नीबाईंचेही ओठ हलताहेत. चूक माझीच, जबाबदारी माझी. शब्दाला शब्द. श्वासाची जागा आली तेव्हा त्यांनीही श्वास घेतला. अर्लिस छताकडे बघायला लागला.

“अर्लिस.”

“हं, बाई.”

“लेव्हर्नने मला हेच ऐकवलं होतं.”

“असेल बुवा.”

“त्याच्या आधीच्या त्या उंच पोराने पण हेच. आणि श्वास अगदी इथेच घेतला होता! पहिल्या वेळी मी रडले रे मेल्या. बहिणीला फोन करून सांगितलं, काय मनापासून बोलतो म्हणून.”

“मनापासूनच बोलतात, बाई. फक्त...”

“फक्त मन तुझं असतं.”

अर्लिसने आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली होती, त्यामुळे हेही पोटात गेलं. बर्नीबाई कॉर्डेलकडे वळल्या. टेबलावर राय नावाच्या काळसर धान्याच्या पावाचं पीठ फुगत ठेवलेलं होतं. “हे तयार झालंय का बघ,” म्हणाल्या. कॉर्डेल मोरीवर गेला, कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, पिठात बोट रुतवलं आणि खळगा किती हळू भरून येतो ते बघत उभा राहिला.

“अजून थोडं,” म्हणाला.

“हा उद्यापासून येईल,” बर्नीबाई म्हणाल्या. “आणि तू येऊ नकोस. दर आठवड्याला ती फीत घालून काउंटरला टेकून उभा राहतोस, गिऱ्हाइकांना वाटतं आरोग्य खात्याचा माणूस धाड टाकायला आलाय.”

झालं. नोकरी टिकवणं हे ज्याचं काम त्यालाच आत यायला बंदी. अर्लिसने यावर तोड काढली. आठवड्यातून एकदा तो समोरच्या फुटपाथला व्हॅन लावून आत बसायचा आणि काचेतून कॉर्डेल दिसतो का ते बघायचा. लपून. आता व्हॅनवर हातभर अक्षरांत ‘तुरुंगातून थेट रोजगाराकडे’ असं रंगवलेलं होतं, तेव्हा कसलं डोंबलाचं लपणं. पण अर्लिसला ते बरेच दिवस सुचलंच नाही. लेव्हर्नने येऊन काचेवर टकटक केली आणि “दादा, निदान मागच्या गल्लीत तरी लावा हो,” म्हणाला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

काही का असेना, कॉर्डेल टिकला. ख्रिसमस गेला, जानेवारी गेला. पाव उत्तम, वेळेवर हजर, उलट उत्तर नाही. कधी ट्रे वाकडा लागला, कधी दूध नासलं, की कॉर्डेल पुढे होऊन “चूक माझीच, बाई,” म्हणायचा. लेव्हर्नच्या हातून अंडी फुटली तेव्हासुद्धा हाच म्हणाला. अर्लिसला हे लेव्हर्नकडून कळलं आणि तो खुशीत आला. वसतिगृहाच्या बाईंना त्याने फोन करून सांगितलं, असा माणूस मी माझ्या उभ्या नोकरीत बघितला नाही. बाई म्हणाल्या, असंच चाललं तर ईस्टरच्या सुमारास जाऊ दे त्याला आईकडे.

मग आला पुंचकीचा मंगळवार. चाळीस दिवसांचे उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी हॅमट्रॅमिकमध्ये जे जॅम भरलेले, तळलेले, साखरेत घोळवलेले गोळे खातात त्यांना पुंचकी म्हणतात. त्या दिवशी कुणी डाएटचं नाव काढत नाही. पोलिश, काळे, बंगाली, सगळे पहाटेपासून बर्फात रांगा लावतात. बर्नीबाईंची वर्षाची अर्धी कमाई त्या एका दिवसात व्हायची म्हणतात. आणि या दिवशी गिऱ्हाईक म्हणून कुणीही येऊ शकतं, त्याला बर्नीबाईही नाही म्हणू शकत नाहीत, असा विचार करून अर्लिस रांगेत उभा राहिला. फीत कोटाच्या बाहेर काढून.

तो दाराच्या आत पोचला तेव्हा मघाचा माल संपून नवा घाणा काउंटरवर येत होता. रांगेत सगळ्यात पुढे डोम्ब्रोव्स्की नावाचे निवृत्त पोस्टमन होते. पन्नास वर्षं ते पहिलं पुंचकी काउंटरवरच उभ्या उभ्या खायचे, तसा त्यांनी घास घेतला. चावले. थांबले. मग जे थुंकले ते सरळ काउंटरच्या काचेवर.

“बर्नी! हे काय गं बये? मीठ आहे हे, मीठ!”

मागच्या बाईने बोट लावून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. तिच्या मागच्याने चाटलं. रांगेत बातमी दारापर्यंत आणि दारातून कोपऱ्यापर्यंत गेली. बर्नीबाई काउंटरमागे थिजून उभ्या होत्या. एवढ्यात आतून कॉर्डेल गरम ट्रे घेऊन बाहेर आला. त्याने काच बघितली, डोम्ब्रोव्स्कींचं तोंड बघितलं, बर्नीबाईंचा चेहरा बघितला. ट्रे खाली ठेवला.

“चूक माझीच, बाई,” तो म्हणाला. “जबाबदारी माझी.”

रांगेतून कुणीतरी म्हणालं, नवा दिसतोय. दुसरं कुणीतरी म्हणालं, अहो, तो आतून आलेला नाही का. बर्नीबाईंनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं. मग खाली बघत म्हणाल्या, “बघून ओतावं रे माणसाने,” आणि फडक्याने काच पुसायला लागल्या. तो सगळा घाणा कचऱ्यात गेला, नव्या परातीत साखर ओतली गेली आणि रांग पुढे सरकली.

आणि अर्लिस? अर्लिसची छाती फुगली होती. गिऱ्हाइकांच्या भरल्या दुकानात, सगळ्यांच्या नजरा अंगावर असताना, काय ठामपणे बोलला गडी! त्याला राहवेना. त्याने शेजारच्या अनोळखी बाईला कोपर लावून सांगितलं, “माझा माणूस आहे तो. मी शिकवलंय त्याला.” बाई म्हणाली, “मीठ टाकायला?” तरी त्याची छाती खाली आली नाही. घरी जाऊन बायकोला त्याने हा प्रसंग दोनदा ऐकवला, दुसऱ्यांदा अभिनयासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्नीबाईंचा फोन.

“अर्लिस, तुझा माणूस घेऊन जा.”

“आँ? बाई, अहो, एका घाण्यावरून? आणि कबूल तर केलं त्याने सगळ्यांदेखत!”

“म्हणूनच म्हणते, घेऊन जा,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

 ईस्टर, वसतिगृह, आतल्या खोलीतला पलंग, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. व्हॅन काढून अर्लिस हॅमट्रॅमिकला सुटला. वाटेत त्याने भाषणाची जुळवाजुळव केली. भाषणाशिवाय कुठे जायचं हे त्याला माहीतच नव्हतं.

कॉर्डेल बेकरीच्या मागच्या पायरीवर बसला होता. अंगात पातळ जाकीट, मांडीवर एप्रनची घडी. अर्लिसने त्याला व्हॅनमध्ये घेतलं, हीटर लावला.

“काय रे, काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस. का ते नाही सांगितलं. मी विचारलं नाही.”

“विचारलं नाहीस! बरं, मला सांग, साखरेचं आणि मिठाचं पिंप सारखंच दिसतं का? घाईत हात चुकतो माणसाचा. आपण आत जाऊ, तू म्हण, घाई होती, पुन्हा नाही होणार...”

“मी नाही ओतलं, दादा.”

“काय?”

“मीठ. मी नाही ओतलं. मी तळत होतो. परातीत बाईंनी ओतलं. डाव्या पिंपातलं. मला दिसलं.”

 “आणि तू गप्प बसलास?”

“मालकीणबाईंना मी सांगू, की तुमचं चुकतंय?” कॉर्डेलच्या आवाजात खरंच नवल होतं. “मला वाटलं, त्यांना माहीत असेल काय करायचं ते.”

“बरं, ते राहू दे. मग सगळ्यांदेखत ‘चूक माझीच’ कशाला म्हणालास, शहाण्या?”

“तुम्हीच तर शिकवलंत.”

 सांगायला लाज वाटते, पण अर्लिसच्या मनात आधी आलं ते हे की आपण असं नेमकं कुठल्या पायरीवर शिकवलं?

“तुमच्याही आधी शिकलो होतो म्हणा,” कॉर्डेल खिडकीतून बाहेर बघत म्हणाला. “आम्ही लुटलं ते टायरचं दुकान. मी गाडी चालवली होती, दादा. गाडीतून उतरलोच नव्हतो. आत गेला तो माझा मित्र, लोखंडी सळई त्याच्या हातात होती. सोडायचं की नाही ते ठरवणाऱ्या पॅरोल बोर्डापुढे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी हेच सांगितलं. गाडी मी चालवली, चोरीत मी होतो, पण त्या माणसाला मी हात लावला नाही. म्हणाले, हा जबाबदारी घेत नाही, दोन वर्षांनी या. दोन वर्षांनी परत तेच सांगितलं. परत दोन वर्षं. मग बराकीतला एक म्हातारा म्हणाला, अरे येड्या, तुला खरं बोलायचंय की घरी जायचंय?”

“आणि मग?”

“मग म्हणालो, मी मारलं. चूक माझीच. सोडलं की त्यांनी.”

 अर्लिसला आठवलं, पहिल्याच दिवशी या माणसाच्या तोंडून ‘मारहाण केली’ ऐकून आपल्या अंगावर काटा आला होता. खरं का रे, असं एका शब्दाने विचारलं नव्हतं आपण. श्वास बरोबर घेतो का तेवढं बघितलं. त्याला स्वतःची लाज वाटली, चांगली कान गरम होण्याइतकी. वरिष्ठ केस मॅनेजर! या माणसाने खोटं बोलून सुटका करून घेतली आणि आपण त्याच खोट्याला इस्त्री करून नोकरीला लावलं.

“चल,” तो म्हणाला.

“कुठे?”

“आत.”

“त्यांनी नको म्हटलंय.”

“मला तर पहिल्यापासूनच नको म्हटलंय. चल.”

दुकानात कुणी नव्हतं. पुंचकीच्या दुसऱ्या दिवशी कोण येतंय? बर्नीबाई सकाळच्या प्रार्थनेला जाऊन आल्या होत्या. कपाळावर, उपासाच्या पहिल्या दिवशी ओढतात तसा, पाद्र्याने बोटाने ओढलेला राखेचा क्रूस होता आणि त्याखाली डोळे सुजलेले होते. दोघांना बघून त्या टेबलावरचं पीठ जोरजोरात मळायला लागल्या.

अर्लिस पुढे झाला. घसा खाकरला. “बर्नीबाई, जे झालं त्याची पूर्ण जबाबदारी मी घेतो. चूक माझीच...”

“तू पण?” बर्नीबाईंनी पिठाचा गोळा टेबलावर असा आपटला की अर्लिस दोन पावलं मागे सरकला. “तू होतास का रे आत? तू ओतलंस मीठ? अरे, तुम्हा लोकांना झालंय तरी काय? जिथे तिथे आपली मान पुढे!”

“नाही, म्हणजे...”

“गप्प बस. मला माहीत आहे कुणी ओतलं. मी ओतलं. चष्मा डोक्यावर होता माझ्या. डोम्ब्रोव्स्की थुंकला तेव्हाच मला कळलं. आणि हा बाहेर आला, म्हणाला, चूक माझीच, आणि मी...” त्यांचा आवाज चिरकला. “मी म्हणाले, बघून ओतावं. ऐकलंस ना तू? होतास ना तिथे, ती फीत लावून? अख्ख्या गावासमोर मी त्याच्यावर ढकललं. किती सोपं गेलं मला! ठेवलेलंच होतं त्याने समोर, मी उचललं. आज पाद्र्यापुढे गुडघे टेकले तर मला त्याचंच तोंड दिसत होतं.”

“म्हणून त्याला काढताय?” अर्लिसने विचारलं.

“हो, म्हणून! हा इथे राहिला तर उद्या पाव जळला की मी याच्याकडेच बघणार. गल्ल्यात फरक पडला की याच्याकडेच. आणि हा होच म्हणणार. मी वाईट बाई नाही रे, अर्लिस. पण असा माणूस शेजारी असला की मी व्हायला लागेन. मला भीती वाटते.”

अर्लिसकडे यावर भाषण नव्हतं. तीन काय, एकही पायरी सापडेना. त्याने कॉर्डेलकडे बघितलं. कॉर्डेल दाराशी उभा होता, खांदे आवळून, एप्रनची घडी छातीशी धरून.

“कॉर्डेल,” अर्लिस म्हणाला, “सांग त्यांना.”

“त्यांना माहीत आहे, दादा.”

“तरी सांग. तुझ्या तोंडाने. मी जे जे शिकवलं ते घाल चुलीत.”

 बर्नीबाईंचे हात थांबले. त्यांनी टेबलाच्या पलीकडून सरळ त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, “कुणी ओतलं रे मीठ?”

कॉर्डेलच्या कपाळावर फेब्रुवारीत घाम आला. त्याचे ओठ हलले, आणि अर्लिसला त्या ओठांवर येऊ घातलेला ‘च’ स्पष्ट दिसला. चूक माझीच. येणार होतं ते, सवयीने येणार होतं. अर्लिसने जीभ दातांत धरली. त्याला बोलायचं होतं, सुचवायचं होतं, हाताने खूण करायची होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याने यातलं काहीही केलं नाही.

“तुम्ही,” कॉर्डेल म्हणाला. आवाज इतका बारीक की त्याचा त्यालाच ऐकू आला नसेल. मग त्याने पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्याने. “मीठ तुम्ही ओतलंत, बाई. डाव्या पिंपातलं. मी बघितलं आणि बोललो नाही. तेवढं माझं.”

एवढं बोलून तो वाट बघत उभा राहिला. मान थोडी खाली, डोळे कुठल्यातरी फरशीवर. अर्लिसला ते उभं राहणं ओळखीचं होतं. लांब टेबलापलीकडे कुणीतरी कागद मिटतं आणि ‘दोन वर्षांनी या’ म्हणतं, त्याच्या आधी माणूस असा उभा असतो.

“हो,” बर्नीबाई म्हणाल्या. “मीच ओतलं.” त्यांनी मनगटाने डोळे पुसले, राखेचा क्रूस फिसकटून कपाळभर झाला. “आणि तू बघितलंस तर ओरडायचं नाही का रे? हात धरायचा माझा! तीन ट्रे वाया गेले मेल्या! डोम्ब्रोव्स्कीला मी सांगेन काय ते. आता उभा काय राहिलायस? राय फुगून टेबलाखाली चाललंय, हात धू.”

कॉर्डेल हलला नाही. त्याने एकदा बर्नीबाईंकडे बघितलं, एकदा दाराकडे. मग सावकाश मोरीवर गेला, कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, एप्रनची घडी उलगडली. बंद पाठीमागे घेऊन गाठ मारायला लागला, तर गाठ काही बसेना. तो तसाच, बंद हातात धरून, काउंटरपाशी अर्लिसजवळ आला.

“दादा,” हळूच म्हणाला, “खरं बोललो मी. कुणी मला काहीच केलं नाही हो.”

 अर्लिसने त्याला खांद्याला धरून पाठमोरं केलं आणि एप्रनची गाठ मारून दिली.